बाइंडरची तिसरी खेळी

वकीलसाहेब नुकते जेवायला बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात बाइंडर उभा. भर उन्हात अर्धं शहर सायकलनं तुडवत आलेला, घामानं निथळत.

"साहेब, सकाळी ते जाड पुस्तक नेलंत ना, तेवढं परत द्या. त्यात दोन पानं उलटी गेलीयत."

वकिलांनी पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढची दहा वर्षं पाहणारही नव्हते. ते म्हणाले, "अहो राहू द्या हो, कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना," बाइंडर म्हणाला, पुस्तक बगलेत मारलं आणि आल्या पावली परत गेला. संध्याकाळी नीट करून आणून दिलं. पाणीसुद्धा प्यायला नाही, आता बोला!

असा हा माणूस. पन्नाशीचा, बारीक चणीचा, बोटांना कायम खळ चिकटलेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी कटिंग मशीन, भिंतीला पुठ्ठ्यांची चळत, मधे शिसवी टेबल आणि त्यावर दाभण, दोरा, हाडाची पट्टी. पुस्तक छापून येतं ते फर्म्याफर्म्यांनी येतं. सोळा सोळा पानांची एकेक घडी म्हणजे एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी, अगदी शिवणीजवळ, मुंगीएवढा आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याला तो आयुष्यात दिसत नाही, तो बाइंडरसाठी असतो. शिवायच्या आधी सगळे फर्मे ओळीनं लावायचे आणि ते आकडे एकेक करून मोठ्यानं वाचायचे, हा ह्याचा नेम. ताप असो, घाई असो, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असो, हा आपला पूजेला बसल्यासारखा "एक, दोन, तीन, चार" म्हणत बसायचा. लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, "हसा. पण पुस्तकात मधेच पान चुकलं ना, तर वाचणारा स्वतःला मूर्ख समजतो. त्याला कुठे ठाऊक असतं की मूर्ख बाइंडर होता?"

लग्न केलं नाही. धाकटी बहीण नर्स. तिचा नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. बहिणीची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. त्यामुळे भाची शाळेतून सुटली की थेट दुकानात. चार वर्षांची असताना पुठ्ठ्यांच्या चळतीवर बसायची, एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून मामानं नाव ठेवलं तुडतुडी. ती "मामा, मामा" करायची, तर हळूहळू गिऱ्हाइकंही मामाच म्हणायला लागली. मोठमोठे प्राध्यापकसुद्धा! मामाला त्याचं काही नाही. "फुकटात भाचरं मिळाली," म्हणायचा.

तुडतुडीला एका जागी बसवलं ते बुद्धिबळानं.

मामाला स्वतःला हे वेड लागलं एकोणिसाव्या वर्षी. वडील आजारी पडले आणि दुकान नुकतंच त्याच्या अंगावर आलं होतं. वाचनालयातून फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा आला, त्यात एक बुद्धिबळाचं पुस्तक होतं. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, लेखक कोण देव जाणे. वरचे कोपरे कसरीनं खाल्लेले. पोरानं सहज चार ओळी वाचल्या आणि गेला की कामातून! त्या पुस्तकातनंच तो खेळ शिकला, आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी जमणाऱ्या निवृत्त मंडळींना भिडायला लागला. पुस्तक वाचनालयाचं, पण दर पंधरा दिवसांनी तेच नेणार, तेच परत करणार. दुसऱ्या कुणी मागितलंच नाही कधी.

त्या पुस्तकात एक सुरुवात होती. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं काढायचं, काळ्यानं तसंच. मग दोघांचे घोडे. मग पांढरा आपला उंट पटाच्या मध्यापर्यंत आणतो, तिसरी खेळी. आणि ह्यावर काळ्यानं काय करावं? समोरच्या पानावर वरच लिहिलेलं: राजाच्या उंटापुढचं प्यादं बेधडक दोन घरं पुढे ढकलावं.

अहाहा! मामाला ती खेळी इतकी आवडली की विचारू नका. समोरचा सभ्यपणे दार वाजवतोय आणि आपण खिडकीतनं उडी मारून त्याच्या अंगावर! तीस वर्षं तो काळ्याकडून तेच खेळला. बऱ्याचदा मारही खाल्ला, कारण ते प्यादं सरकलं की पांढऱ्याचा उंट थेट काळ्या राजाच्या अंगणात डोकावतो आणि राजाला किल्ल्यात जाताच येत नाही. पण मामाची खात्री, की पुस्तक बरोबर आहे, आपणच कमी पडतो. म्हणून तो एकेक भोक बुजवत गेला. निवृत्त पोस्टमास्तर अमुक खेळले की तमुक करायचं, घोडा पटाच्या कडेला नेऊन त्या उंटाला उठवायचं, वगैरे वगैरे. पुढच्या पानांवरच्या आकृत्यांत उंट एक घर पुढे दाखवलेला असायचा. मामा त्यावर पेन्सिलीनं खूण करायचा आणि छापखानेवाल्यांना शिव्या घालायचा. "एवढं साधं चित्र धड छापता येत नाही लेकाच्यांना!"

हे सगळं त्यानं तुडतुडीला जसंच्या तसं दिलं. पोरगी मामापेक्षा दसपट हुशार निघाली. तेराव्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली. इतर मुलं अकादमीत जायची, लॅपटॉपवर शिकायची. त्यातला कुणीतरी तिला म्हणायचा, "ही खेळी चुकीची आहे. कॉम्प्युटर वाईट म्हणतो." ती नाक उडवून सांगायची, "पुस्तकात आहे. छापलेलं आहे." आणि हरवायचीही त्यांना, कारण ह्या रानात ती लहानाची मोठी झालेली आणि ते पहिल्यांदाच शिरलेले.

आता खरी गोष्ट. चौदा वर्षांखालच्या मुलींची मोठी स्पर्धा लागली. तीन दिवस, सहा फेऱ्या. पहिल्या चार मुलींचा संघ पुढे जाणार, सरकारी खर्चानं शिबिर, नावाजलेले प्रशिक्षक. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे तुडतुडीची ही शेवटची संधी. गेले आठ महिने घरात दुसरा विषय नव्हता. बहिणीनं त्या तीन दिवसांसाठी ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या.

स्पर्धेला तीन दिवस असताना वाचनालयाच्या बाईंनी ते पुस्तक बांधणीला पाठवलं. इतक्या वर्षांत पुस्तकाची पाठ सुटली होती. मामानं लाडानं कुरवाळलं, जुना दोरा कापला, फर्मे सुटे केले, ओळीनं लावले आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला. "एक, दोन, तीन, पाच."

थांबला. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. तीन, पाच, चार, सहा.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ते मामाला त्या दिवशी कळलं. तिसरा फर्मा संपत होता पांढऱ्याच्या उंटावर. त्याच्यापुढे चौथा यायला हवा होता. त्यात वर लिहिलं होतं की काळ्यानंही शांतपणे आपला उंट बाहेर काढावा. ते बेधडक प्यादं पाचव्या फर्म्यातलं! ती सुरुवातच निराळी. तिच्यात पांढऱ्याचा उंट एक घर पुढे गेलेला असतो आणि राजाच्या अंगणात बघतच नाही. आकृत्या बरोबर होत्या. छापखाना बरोबर होता. चुकला होता बाइंडर.

आणि तो बाइंडर कोण? दुसरं कोण असणार! एकोणीस वर्षांचं ते पोर. वाचायची इतकी घाई झाली होती की फर्मे मोजलेच नव्हते. कसरीनं खाल्लेली वरची कड सरळ कापून टाकली, तिच्याबरोबर पानांचे आकडेही गेले, आणि भराभरा शिवून टाकलं. सबंध आयुष्यात न मोजता शिवलेलं एकच पुस्तक, आणि ते हे. मामा स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

बहीण आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसातलं कळत होतं.

"दादा, आत्ता तिला एक अक्षर बोलायचं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेल्या पेशंटला कुणी असं सांगतं का? स्पर्धा होऊ दे, मग सांग."

"अगं पण मी तिच्या हातात खोटं पुस्तक दिलंय."

"आठ वर्षं खेळतेय ना त्यावर? अजून तीन दिवस खेळेल. माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर काय करणार? मामा गप्प बसला. पण ते गप्प बसणं त्याला जमणारं नव्हतं. दुसऱ्या फेरीत तुडतुडीला काळी मोहरी आली. तिनं झोकात ते प्यादं दोन घरं सरकवलं आणि दोरीपलीकडे उभ्या मामाकडे बघून भुवई उडवली. ती जिंकली. "बघितलंस ना?" म्हणाली. मामा म्हणाला, "बघितलं गं," आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर निघून गेला. चौथ्या फेरीत पुन्हा काळी, पुन्हा तेच प्यादं, बरोबरी झाली. पाच फेऱ्यांत साडेतीन गुण. शेवटच्या फेरीत अर्धा गुण मिळाला की ती संघात, हरली की बाहेर. हिशोब सरळ होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या. काळी मोहरी, आणि समोर अकादमीची पहिल्या नंबरची मुलगी. मामा व्हरांड्यातून जात होता, तर त्या मुलीचे सर बाकावर लॅपटॉप उघडून तिला समजावत होते. मामानं मुद्दाम बघितलं नाही, पण डोळे काय मिटून चालणार? पडद्यावर तेच प्यादं. तोच उंट. पुढच्या खेळ्या बाणांनी दाखवलेल्या. आपल्या पोरीला चाळीस मिनिटांनी ह्या सापळ्यात जायचं होतं, आणि ती हसतहसत जाणार होती.

मामा तसाच तुडतुडीकडे गेला. बहिणीची शपथ मोडली, देव त्याला क्षमा करो. पाण्याच्या टाकीपाशी तिला बाजूला घेऊन त्यानं सगळं सांगितलं; फर्मे, आकडे, कापलेली कड, सगळं. "तू चुकीचं शिकलीस कारण मी चुकीचं शिवलं. माझी चूक आहे, तुझी नाही. समोरची तयारी करून बसलीय. आज दुसरं काहीतरी खेळ, बाळा."

तुडतुडी म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी!" तिचा आवाज चिरकला. "आणि आज रविवार. दोन डाव बघितलेस मला तेच खेळताना. आणि काही बोलला नाहीस?"

"तुझ्या आईनं..."

"आईला मधे आणू नकोस!" एवढं बोलून ती ताडताड निघून गेली. मामा टाकीला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं, आपण दोनदा चुकलो. एकदा न सांगून आणि एकदा सांगून.

डाव सुरू झाला. प्यादं, प्यादं. घोडा, घोडा. समोरच्या मुलीनं उंट मध्यापर्यंत आणला, घड्याळ दाबलं आणि हाताची घडी घालून बसली. तुडतुडी विचार करायला लागली.

तिसऱ्या खेळीला कुणी विचार करतं होय? पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंच येऊन डोकावून गेले, तब्येत बरी आहे ना बघायला. अकादमीचे सर घड्याळाकडे बोट दाखवून शेजारच्या पालकाला काहीतरी सांगत होते. चौदाव्या मिनिटाला तुडतुडीनं हात उचलला आणि तेच प्यादं दोन घरं पुढे ढकललं. मामाकडे बघितलं नाही.

"अगं ए वेडे," मामा तोंडातल्या तोंडात म्हणाला.

समोरची धडाधड खेळत होती, सगळं पाठ केलेलं. पहिल्या तासातच तुडतुडीचं एक प्यादं गेलं. राजा मधेच अडकलेला. मामाला एकेक भोक दिसत होतं, कारण प्रत्येक भोकात तो कधी ना कधी पडलेला होता. आणि मग घोडा कडेला गेला. त्या उंटाला उठवलं, घोडा देऊन त्याला पटावरून काढला. पोस्टमास्तरांशी दोन पावसाळे डोकेफोड करून मामानं शोधलेली युक्ती! समोरच्या मुलीचा वेग पहिल्यांदा मंदावला. लॅपटॉपचे बाण संपले होते. आता ती स्वतःच्या डोक्यानं खेळत होती, आणि ह्या रानात तिला वाट माहीत नव्हती. तरी पोरगी भारी होती, सोडत नव्हती. वजीर गेले, घोडे गेले, दोघींकडे एकेक हत्ती उरला. प्यादं अजून कमीच. तुडतुडी भिंतीला पाठ लावल्यासारखी बसली होती, ना ह्या बाजूला हलत होती ना त्या. साडेतीन तासांनी बाकीचे पट रिकामे झाले होते, खुर्च्या उचलायला माणसं आली होती, तेव्हा समोरच्या मुलीनं सुस्कारा टाकला आणि हात पुढे केला. बरोबरी.

अर्धा गुण! संघात चौथी! बहीण व्हरांड्यात नाचायचीच काय ती बाकी होती. मामाला मात्र पुढे जायचा धीर होईना. तो कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला. डोळे नुसते वाहत होते आणि तो खळीच्या बोटांनी ते पुसत होता.

तुडतुडी आली.

"मामा, मी बाथरूममध्ये जाऊन रडले," ती म्हणाली. "खूप रडले. मग तोंड धुतलं आणि खेळायला बसले. तुला काय वाटलं होतं, मी मोडून पडेन?"

"हो," मामा म्हणाला. खोटं बोलणं त्याला येतच नव्हतं. "चुकलंच माझं. मंगळवारीच सांगायला हवं होतं. तू मोठी झालीस हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"पुन्हा असं करशील?"

"नाही."

"मग ठीक आहे." ती शेजारी बसली, धपकन, चार वर्षांची असताना बसायची तशी.

"पण तेच का खेळलीस गं? मी एवढं सांगून?"

"चौदा मिनिटं तोच विचार केला ना! बरोबर खेळीनंतर पुढे काय करायचं ते मला कुठे येतं? ते पुस्तकात असेल. ह्याच्यापुढे काय करायचं ते तू शिकवलंयस. ती कॉम्प्युटरवाली दहा खेळ्यांनी एकटी पडणार होती. मी नव्हते पडणार." तिनं नाक ओढलं. "पण शिबिरात ही सुरुवात दाखवली तर प्रशिक्षक हाकलून देतील मला. आता धड शीक."

"मी?"

"मग काय, मी एकटीच शिकू? चल."

तिनं पिशवीतनं घडीचा पट काढला, बाकावर मांडला, पांढरी स्वतःकडे घेतली. प्यादं, प्यादं. घोडा, घोडा. तिनं उंट मध्यापर्यंत आणला आणि म्हणाली, "हं. आता काळ्यानं शांतपणे आपला उंट काढायचा. काढ."

मामानं मान डोलावली. उंट काढायचा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं हात पुढे केला, आणि बोटं आपली गेली सरळ त्या प्याद्यावर.

"हात लावलास!" तुडतुडी ओरडली. "नियम म्हणजे नियम. आता तेच खेळायचं."

"अगं, चुकून लागला."

"चुकून लागो नाहीतर मुद्दाम लागो. ढकल."

मामानं तिच्याकडे बघितलं. ती रडवेल्या डोळ्यांनी हसत होती. त्यानं ते प्यादं दोन घरं पुढे ढकललं, आणि दोघंजण पुढचा डाव खेळायला लागले.